दुचाकीचं एबीएस कुठे वाचवतं आणि कुठे हात वर करतं

शोरूममध्ये एबीएसची (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिमची) ओळख एका वाक्यात उरकली जाते: "ब्रेक कितीही जोरात दाबा, चाक जाम होणार नाही." वाक्य खोटं नाही. पण त्याला अटी आहेत आणि बहुतेकांना त्या ऐन वेळीच कळतात. म्हणून इथे एबीएस एकाच कसोटीवर घासून पाहिलंय. समोर अचानक कुत्रं आलं, उभ्या गाडीचं दार उघडलं, कुणी इंडिकेटर न देता वळलं, वळणावर वाळू निघाली किंवा सावलीत लपलेला खड्डा दिसला, तर हे यंत्र नेमकं किती कामाचं? मायलेज, रंग, फोनला जोडणारं अ‍ॅप यांच्याशी इथे देणंघेणं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ड्युअल चॅनल, मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस, चालतं, पण मागचा ब्रेक मारायची सवय बदलावी लागते. सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडणारी यंत्रणा, ही वेगळीच वस्तू आहे, तिला एबीएसचा धाकटा भाऊ समजू नये. आणि यातलं सगळ्यात महागडं एबीएससुद्धा कामाला लागतं ते ब्रेक पुरता दाबला गेल्यावर. त्याआधीचा वेळ त्याच्या हिशोबातच नसतो.

त्या आधीच्या वेळेत किती रस्ता जातो ते पाहा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. संकट दिसणं, ते संकट आहे हे डोक्यात शिरणं आणि बोटं लिव्हरवर पोचणं यात एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले. कोरड्या चांगल्या डांबरावर, दोन्ही ब्रेक नीट वापरून थांबायला पुढे आणखी १८ मीटर. एकूण ३५ च्या आसपास. ताशी ४० ला हेच अंतर १९ मीटर आहे आणि ८० ला ५४. यात एक गंमत दडलेली आहे, तीही काळजात धस्स करणारी: ६० ची गाडी जिथे पूर्ण थांबते, नेमक्या त्या जागी ८० ची गाडी अजून ताशी ६० च्या वर धावत असते. तोच चालक, तेच टायर, तेच एबीएस.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली आलेल्या त्या अहवालात संकट सुरू झाल्यापासून धडकेपर्यंत चालकाला मिळणारा वेळ दोन सेकंदांहून थोडा कमीच निघाला. त्या वेळात लोकांनी काय केलं? बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका मारला की चाक घासत गेलं आणि पुढचा जेमतेम दाबला. हँडल ढकलून गाडी बाजूला काढणं तर जवळपास कुणालाच जमलं नाही. पुढे १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर एबीएस आलं. तेव्हा त्या यंत्रणेचं वजन ११ किलोच्या घरात होतं, आता युनिट एका किलोच्याही आत बसतं. यंत्र हलकं झालं, पण घाबरलेला माणूस आजही त्याच दोन चुका करतो. एबीएस त्यातली पहिली चूक पोटात घालतं. दुसरीला त्याच्याकडे औषध नाही.

आता यंत्राकडे. चाकाशेजारी भोकं किंवा दाते असलेली एक चकती फिरते, तिला टोन रिंग म्हणतात. तिच्यासमोरचा सेन्सर चाकाचा वेग मोजत राहतो. गाडीचा वेग जितका कमी व्हायला हवा त्यापेक्षा चाक फारच झपाट्याने मंदावलं, तर ते जाम होणार हे कंट्रोल युनिट ओळखतं. मग व्हॉल्व्ह कॅलिपरकडचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाकडचा) दाब क्षणभर सोडतो, चाक पुन्हा फिरू लागतं, दाब परत चढतो. हा खेळ सेकंदात अनेकदा चालतो. तो तुम्हाला जाणवतो लिव्हरमध्ये किंवा पेडलमध्ये: बोटांखाली धडधड, पायाखाली टकटक. इथेच पहिल्यांदा एबीएस अनुभवणारे फसतात. काहीतरी मोडलं असं वाटून ते ब्रेक सोडतात. धडधड म्हणजे टायर त्या रस्त्यावर देऊ शकतो तेवढी पकड वापरली जातेय. तेव्हा लिव्हर आणखी घट्ट धरायचा, सैल करायचा नाही.

जाम न झालेलं चाक हवं कशाला? फिरणारं पुढचं चाक गाडीला दिशा देतं. ते जाम झालं की हँडल नुसतं शोभेचं उरतं आणि गाडी अर्ध्या-पाऊण सेकंदात आडवी होते. मागचं जाम झालं तर शेपूट बाजूला सरकतं, पण सावरायला थोडा वेळ मिळतो. म्हणून पैसे मोजून पुढचं चाक वाचवणं हा सिंगल चॅनलचा हिशोब मुळात चुकीचा नाही. गाडी जोरात थांबते तेव्हा वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होत जातं आणि थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर ६० वरून थांबायला ४० मीटरच्या आसपास लागतात, तेही प्रतिक्रियेचे १७ मीटर धरायच्या आधी. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो" हे जे पिढ्यानपिढ्या शिकवलं जातं, त्याने जितके लोक पाडले तितके वाळूनेही पाडले नसतील.

तरीही सिंगल चॅनलला गुण कमी का? घाबरलेला पाय मोजूनमापून दाबत नाही. तो पेडलवर सगळं वजन टाकतो, मागचं चाक जाम होतं, शेपूट फिरू लागतं आणि चालक दचकून पाय उचलतो. तोवर गाडी तिरकी झालेली असेल तर चाकाला एकदम पकड मिळते, गाडी झटक्याने सरळ होते आणि चालकाला उलट्या बाजूला उडवते. ही पडण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा. सिंगल चॅनल वापरणाऱ्याने दोन गोष्टी हाडीमासी खिळवाव्यात. ब्रेक मारताना जोर पुढे चढेल तसा मागच्या पेडलवरचा पाय हलका करायचा. मागचं जाम झालंच, तर गाडी सरळ रेषेत असताना ताबडतोब सोडायचं. शेपूट बरंच बाहेर गेलं असेल तर तसंच दाबून ठेवून थांबायचं. ड्युअल चॅनलमध्ये हे सगळं डोक्यातून काढून टाकता येतं, आणि दोन सेकंदांत डोक्यातून एक गोष्ट कमी होणं ही फार मोठी सोय आहे.

सीबीएसबद्दल थोडक्यात. मागचं पेडल दाबलं की थोडा जोर पुढच्या ब्रेककडेही जातो, एवढंच ते करतं. पुढचा ब्रेक न वापरणाऱ्याचं अंतर त्याने कमी होतं हे खरं, पण चाक जाम होण्यापासून वाचवणारं त्यात काहीही नाही. ओल्या रस्त्यावर जाम होणारं चाक सीबीएस असूनही जामच होतं.

हाताचं काम

एबीएस आहे म्हणून लिव्हर एकदम खेचला तर काय होतं? पडत नाही, पण अंतर वाया जातं. ब्रेक लागायच्या क्षणी पुढच्या टायरवर अजून वजन आलेलं नसतं, त्यामुळे कमी जोरातच तो जाम व्हायला बघतो. एबीएस लगेच दाब सोडतं आणि सुरुवातीचे काही मीटर फुकट जातात. आखूड आणि उंच गाड्यांवर मागचं चाक उचलायचीही भीती असते. काही एबीएस ते ओळखून पुढचा जोर कमी करतात, सगळी नाही. बरोबर पद्धत अशी: आधी लिव्हर इतकाच ओढायचा की पॅड डिस्कला टेकतील आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर खाली बसू लागतील. याला पाव सेकंदही पुष्कळ. मग न थांबता जोर वाढवत न्यायचा, धडधड येईपर्यंत. ओला टॉवेल पिळताना जसा जोर चढत जातो तसा. त्याच वेळी क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे इंजिन गाडीला पुढे ढकलत नाही आणि बंदही पडत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळायची, कोपरं सैल ठेवायची. अंगाचं वजन हातांवर आलं की हँडल हलतं आणि गाडी रेषा सोडते.

एबीएसच्या पत्रकात नसलेली, पण त्याच्याइतकीच मोलाची सोय फुकट मिळते: दोन बोटं लिव्हरवर टेकवून चालवणं. गर्दीत, चौकाजवळ, उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारी हे करायचंच. रेस सोडून लिव्हरपर्यंत बोटं न्यायचे तीन दशांश सेकंद वाचले, तर ६० ला ५ मीटर वाचतात, म्हणजे एका मोटारीची लांबी. लिव्हर बोटांना लांब पडत असेल आणि त्यावर अंतर बदलायचं छोटं चाक असेल तर ते फिरवून घ्या. नसेल तर निदान लिव्हरचा कोन असा लावा की मनगट न वाकवता हात सरळ त्यावर जाईल. मागचं पेडल बुटाच्या तळव्याखाली येतं का तेही बघा. ते फार उंच असेल तर पाय उचलण्यात वेळ जातो.

जिथे यंत्र हात वर करतं

खड्डे आणि उखडलेला रस्ता हा एबीएसचा खरा दुबळा विषय. खडबडीत जागेवरून चाक उडालं की क्षणभर हवेत असतं. ब्रेक दाबलेलं चाक हवेत लगेच थांबतं. सेन्सरला वाटतं चाक जाम झालं, आणि दाब सोडला जातो. चालकाला जाणवतं ते एवढंच की ब्रेक अचानक गायब झाला. तो परत येतो, पण ऐन वेळी असा हुकलेला क्षण भारी पडतो. म्हणून ब्रेक खड्ड्याच्या अलीकडच्या सपाट भागावर मारून घ्यायचा आणि कडेच्या जरा आधी सोडून द्यायचा. सोडल्याने दबलेले शॉकॲब्सॉर्बर पुन्हा वर येतात आणि धक्का गिळायला जागा मिळते. ब्रेक दाबून खड्ड्यात गेलं, तर रिम वाकते किंवा टायर रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिरडून ट्यूब फुटते. खड्ड्यात उतरताना सीटवरून किंचित उठायचं, वजन फूटरेस्टवर घ्यायचं आणि हँडल घट्ट आवळायचं नाही. रस्त्यावर पडलेली वीट, लाकूड किंवा फुटलेल्या टायरची पट्टी चुकवायला जागा नसेल तर हेच सूत्र: जमेल तेवढा वेग कमी करा, ब्रेक सोडा, हँडल सरळ धरून काटकोनात ओलांडा, आणि पुढचं चाक चढताना थोडीशी रेस द्या.

बारीक खडी, मुरूम, सुटी माती यांवर एबीएस अंतर वाढवतंसुद्धा. जाम झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि त्यात रुततं. एबीएस तो ढीग होऊच देत नाही. कच्च्या वाटेसाठी काही गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते ती यासाठीच. बंद केलेलं एबीएस अनेक गाड्यांत चावी फिरवली की आपोआप चालू होतं, तसं नसेल तर डांबरावर आल्यावर ते आठवणीने चालू करावं लागतं.

वळणावर साध्या एबीएसची मर्यादा आणखी महत्त्वाची. टायरची पकड एक ठरावीक शिदोरी असते. गाडी कललेली असताना तिचा बराच भाग वळण्यात खर्च होत असतो, आणि साधं एबीएस चाक फिरतं ठेवेल एवढंच बघतं, ते बाजूला निसटतंय का हे त्याला कळत नाही. शिवाय कललेल्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला की गाडी कललेली सरळ उभी व्हायला बघते आणि वळणाबाहेर जाते. वळणात समोर काही उभं दिसलं तर आधी गाडी सरळ करायची आणि मग पूर्ण ब्रेक. तेवढी जागा नसेल तर कललेल्या स्थितीत हलका ब्रेक सुरू करायचा आणि गाडी उभी होत जाईल तसा वाढवायचा. कलण्याचा कोन मोजून ब्रेकचा जोर ठरवणारं एबीएस बॉशने आणलं आणि केटीएमच्या ११९० अ‍ॅडव्हेंचरच्या २०१४ च्या मॉडेलवर ते दिसलं. ते खरोखर उपयोगी आहे. पण वळणावर पसरलेल्या वाळूपुढे त्याचंही फारसं चालत नाही. वाळूवर चाक गेलंच तर काहीच एकदम करू नका: ब्रेक नाही, रेस नाही, हँडलला झटका नाही. गाडी तेवढा पट्टा ओलांडू द्या.

ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओली पानं, सिग्नलजवळ सांडलेलं तेल यांवर एबीएस आपली किंमत वसूल करून देतं. गाडी आडवी होत नाही. थांबते मात्र हळू, कारण पकड मुळातच कमी. इथे लोक "एबीएस चाललं नाही" म्हणून तक्रार करतात ती चुकीची.

चुकवणं की थांबणं, हा निर्णय यंत्र घेत नाही. चुकवायचं असेल तर डावीकडे जाण्यासाठी हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची, गाडी डावीकडे पडते. मग उजवी ढकलून सरळ. अंग फारसं हलवायचं नाही. हे करत असताना ब्रेक नको. आधी ब्रेक, तो सोडून मग चुकवणं, किंवा आधी चुकवून मग ब्रेक. एबीएस आहे म्हणून दोन्ही एकत्र करून बघू नका. नजर मोकळ्या जागेवर हवी. कुत्र्याकडे बघत राहिलं की गाडी कुत्र्याकडेच जाते. जनावर पुढे पळेल की माघारी फिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच्यासाठी आधी सरळ रेषेत कडक ब्रेक आणि मगच शेपटीमागून जागा दिसली तर जाणं. उघडणाऱ्या दारासाठी उभ्या गाड्यांपासून दीड मीटर अंतर हाच उपाय. आणि "गाडी मुद्दाम आडवी पाडली" हे शौर्य म्हणून सांगितलं जातं ते सोडून द्या. रस्त्यावर घासणाऱ्या लोखंड आणि प्लास्टिकपेक्षा रबर जास्त लवकर थांबवतं.

घेतल्यावर काय तपासावं

सपाट, कोरडी, स्वच्छ आणि मोकळी जागा शोधा. हेल्मेट, हातमोजे, घोट्यावरचे बूट घाला. ताशी ३० ला आधी फक्त मागचं पेडल जोरात दाबा: ड्युअल चॅनलला टकटक लागेल, सिंगलला चाक घासल्याचा आवाज येईल. दोन्ही ओळखीचे होईपर्यंत चार-पाच वेळा करा. मग दोन्ही ब्रेक, वर सांगितल्याप्रमाणे चढत्या जोराने. ३० जमलं की ४०, मग ५०, मग ६०. ब्रेक सुरू करायच्या जागी खडूची रेघ ओढा आणि थांबलात तिथे पावलं मोजा. दर खेपेला थांबेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये यायची सवय लावा, कारण खऱ्या रस्त्यावर थांबल्यावर मागून येणारं वाहन चुकवायला लगेच निघावं लागतं. दहा-बारा फेऱ्यांनंतर ब्रेक तापतात आणि हातही थकतात, तेव्हा थांबा. हा सराव न केलेल्या माणसाकडे एबीएस असलं तरी तो लिव्हर अर्धाच दाबतो आणि यंत्राची पाळीच येत नाही.

देखभालीत बहुतेक बिघाड छोट्या कारणांचे असतात. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी जरा चालली की विझतो. विझलाच नाही तर साधा ब्रेक चालू असतो, एबीएस नसतं. सेन्सरवर चिखल किंवा लोखंडी कीस बसणं, पंक्चर काढताना टायर काढायच्या पट्टीने टोन रिंग वाकणं, बॅटरी उतरणं, फ्यूज जाणं ही नेहमीची कारणं. डबल स्टँडवर मागचं चाक फिरवत बसल्यासही अनेक गाड्यांत दिवा लागतो, चावी बंद-चालू करून थोडं चालवलं की जातो. वेगळ्या मापाचा टायर बसवला तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचा हिशोब बिघडतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. जुन्या ऑइलने एबीएस युनिटच्या आतले बारीक व्हॉल्व्ह चिकटतात आणि ते युनिट बदलणं हा सगळ्यात खर्चिक प्रकार. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर आत हवा आहे. ती काढताना काही मॉडेलना कंपनीचं निदान यंत्र जोडून पंप चालवावा लागतो, तेव्हा तशी सोय असलेल्याकडेच द्या. टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना बघा.

जुनी गाडी घेत असाल तर चावी फिरवून दिव्याकडे नीट बघा. तो लागलाच नाही, तर बिघाड लपवायला बल्ब काढलेला असू शकतो. मग रिकाम्या जागी मागचं पेडल दाबून टकटक येते का ते पाहिल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नका.